लाउटेनबर्ग दुरुस्ती आणि शस्त्रहक्काची पुनःप्राप्ती
अमेरिकेत १९९६ साली सिनेटर फ्रँक लाउटेनबर्ग यांच्या पुढाकाराने झालेल्या या दुरुस्तीनुसार कौटुंबिक हिंसेच्या मिस्डिमीनर, म्हणजे सौम्य वर्गातील, गुन्ह्यात दोषी ठरलेल्यालाही बंदूक वा काडतुसे बाळगता येत नाहीत. पोलीस आणि सैनिकही यातून सुटत नाहीत. घरातल्या बंदुकीचा धोका पाहता हे योग्यच आहे. दोषसिद्धी रद्द झाली, नोंद पुसली गेली, माफी मिळाली किंवा गमावलेले नागरी हक्क परत मिळाले, तर बंदी सामान्यतः उठते. मात्र अशा गुन्ह्यात मतदानासारखे हक्क बहुधा जातच नाहीत. त्यामुळे शेवटचा मार्ग बहुतेकांना बंदच राहतो. २०२२ च्या कायद्याने प्रेमसंबंधातील हिंसाही बंदीच्या कक्षेत आणली. तेथे पहिलीच दोषसिद्धी असेल आणि शिक्षा संपल्यावर पाच वर्षे हिंसेच्या किंवा बंदीस कारण ठरणाऱ्या नव्या गुन्ह्यात दोषसिद्धी नसेल, तर हक्क परत मिळतो. विवाहित जोडीदारावरील हिंसेला ही सवलत नाही.