न कापलेलें वस्त्र

लोकरीचें विणकाम नुकतेंच शिकूं लागलेल्या मुलीच्या हातीं पुष्कळदां पाँचो हेंच पहिलें मोठें काम देतात. त्याला बाह्या नाहींत कीं गळ्याचा आकार नाहीं. सुलट टाक्यांच्या दोन लांब पट्ट्या विणाव्या, त्या लांबीनें एकमेकींस जोडाव्या आणि मध्यें डोकें जाईल एवढी फट मोकळी ठेवावी, कीं झालें! हा साधेपणा मात्र विणकामाच्या पुस्तकांनीं योजिलेला नव्हे. तो दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांत, मागावर घडला.

तेथील विणकरीण मागाचें एक टोक खांबाला आणि दुसरें आपल्या कमरेला बांधून बसे. तिचे हात पोचतील तेवढीच कापडाची रुंदी. मोठें पांघरूण हवें तर दोन पट्टे जोडणें भागच होतें. शिवाय लामा आणि अल्पाका यांच्या लोकरीचें हें कापड चारी बाजूंना काठ घेऊनच मागावरून उतरे, व त्याला कात्री लावण्याची चाल नव्हती. १९२७ सालीं पेरूच्या किनाऱ्यावर पाराकास येथें हुलिओ तेयो यांनीं उघडकीस आणलेल्या दफनभूमींत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीचीं, भरतकामानें मढलेलीं वस्त्रें सांपडलीं. डोक्यावरून घालावयाचीं आंखूड पांघरुणें त्यांतही आहेत.

इंकांचा दरबारी पोषाख मात्र निराळा होता. तो ‘उंकू’, म्हणजे दोन्ही बाजू शिवलेला, बिनबाह्यांचा अंगरखा. १५३२ मध्यें स्पॅनिश फौज आली, तिच्याबरोबर घोडा आला. आणि स्वाराला मोकळ्या बाजूंचें वस्त्रच सोयीचें. १५७२ मध्यें कुस्को शहराच्या चौकांत शेवटचा इंका तुपाक आमारू याचा शिरच्छेद झाला. त्याचेंच नांव धारण करून होसे गाब्रिएल यानें १७८० मध्यें बंड उभारलें. १८ मे १७८१ रोजीं त्यालाही त्याच चौकांत अत्यंत क्रूरपणें मारण्यांत आलें, आणि शिक्षेच्या हुकुमांतच इंकांचे जुने पोषाख घालण्यास मनाई झाली. उंकूचें नांव त्यांत स्पष्ट आहे. राज्य बुडून दोन शतकें लोटल्यावरही राज्यकर्त्यांना एका अंगरख्याचें भय वाटावें, यावरून त्या अंगरख्याची योग्यता कळते.

शेतकऱ्याचा आणि घोडेस्वाराचा पाँचो मात्र टिकला. इतका कीं, १८३० च्या सुमारास ब्यूनॉस आयरीस येथील ब्रिटिश वकील वुडबाइन पॅरिश यांना तिकडील गुराख्याच्या अंगावरचा पाँचोही इंग्लंडहून आलेला दिसला! इंग्लंडच्या मागांचा हा प्रताप आपल्याला अपरिचित नाहीं.

सुयांवरचें विणकाम त्या पर्वतांत नेलें तें स्पॅनिश लोकांनींच. तितिकाका सरोवरांतील ताकिले बेटावर आज बायका मागावर बसतात आणि सुया असतात त्या पुरुषांच्या हातीं. मुलगा लहानपणींच विणूं लागतो आणि आपली कानटोपी आपणच विणतो. २००५ मध्यें युनेस्कोनें या बेटाच्या वस्त्रकलेचा गौरव केला, त्यांत माग आणि सुया दोन्ही आल्या.