बिअरसाठी यंत्रातून आलेली थंडी

आधी १८८४च्या जुलैत या. तुम्ही सिंगापूरच्या जुरोंग नदीच्या काठी उभे आहात, खारफुटीच्या चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतलेत. मागे चिनी मळेवाल्यांची गांबियरची झुडपं आणि पानं उकळणाऱ्या भट्टीचा धूर. विषुववृत्त इथून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. घाम येतो, पण वाळत नाही. कुणी इथे माठ आणून ठेवला, तरी त्यातलं पाणी म्हणावं तसं गार व्हायचं नाही. हवाच इतकी ओली की माठाच्या अंगचं पाणी उडून जाणार कुठे? बर्फ मिळतो तो इथून बऱ्याच अंतरावर, बंदराकडे. म्हणून थंड बिअरचा विचार सोडा आणि जिथे तो विचार करता येतो तिथे चला.

तोच उन्हाळा, जर्मनीतलं वीसबाडेन. गावाच्या पश्चिमेला ऱ्हाइनगाऊचे उतार, त्यावर रिसलिंगच्या वेली, घड अजून हिरवे. द्राक्षवाल्याला थंडीची चिंता नाही. तोडणी शरदात व्हायची, आणि रस आंबायला लागतो तोवर तळघरही आपसूक गारठतं. पण तुम्ही शिरता त्या गल्लीतल्या छोट्या गुत्त्यात खाली बिअर बनते आणि वर बाकांवर ओतली जाते. मालक मातीचा मग पुढे ठेवतो. तुम्ही घोट घेता. कोमट आहे, शेवटी जराशी आंबट.

मालक तुम्हाला खाली नेतो. बर्फाची खोली रिकामी आहे, जमिनीवर नुसता ओला भुसा. गेला हिवाळा सौम्य गेला, तळी नीट गोठलीच नाहीत, साठवायला बर्फ मिळाला नाही. आणि लागर बिअरला थंडीवाचून गत्यंतर नाही. तिचं यीस्ट आठ-दहा अंशांवर तळाशी बसून सावकाश काम करतं. मग ती शून्याच्या आसपास कित्येक आठवडे मुरते. उन्हाळ्यात बिअर बिघडायची, म्हणून बव्हेरियात १५५३ साली फर्मानच निघालं होतं: २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायची नाही.

याच गावात कार्ल लिंडे राहतो. म्युनिकमधली प्राध्यापकी सोडून त्याने १८७९ मध्ये इथे बर्फयंत्रांची कंपनी काढली. यंत्राची रीत माठाचीच, फक्त पाण्याच्या जागी अमोनिया. अमोनिया उडताना भोवतालची उष्णता घेऊन जातो. उडालेला वायू दाबून, ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा पातळ करायचा, की चक्र सुरू. बाहेरची हवा कितीही ओली असो, या माठाला फरक पडत नाही. यंदाच्या बर्फटंचाईने लिंडेकडे मागणी वाढली आहे. "आपणही घेऊ एक," मालक म्हणतो. "मग बिअर कोणत्या भावाने विकायची?" बायको वरून विचारते. तिचा हिशेब बरोबर आहे. हे यंत्र परवडतं मोठ्या कारखान्यांना. गल्लीतल्या गुत्त्याचं पुढे अवघडच होत जाणार.

आता १९३३. सिंगापूरचा अलेक्झांड्रा रोड. मलायन ब्रुअरीजची टायगर बिअर आदल्याच वर्षी बाजारात आली आहे, आणि तिच्याशी टक्कर द्यायला जर्मन भांडवलावर उभी राहिलेली आर्किपेलागो ब्रुअरी 'अँकर' काढते आहे. आंबवणीच्या खोलीचं दार उघडतं, तुम्ही आत पाऊल टाकता, आणि घामाने भिजलेला सदरा पाठीला गार लागतो. नळ्यांवर हिम धरलंय. माल्ट आणि हॉप्स जहाजाने आलेत. पाणी तेवढं इथलं. इथे बार्ली पिकत नाही, द्राक्षं पिकत नाहीत, हिवाळा नाही. तरी लागर बनते.

फार काळ थांबू नका. महायुद्धात इंग्रज सरकार हा कारखाना शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेईल आणि १९४१ मध्ये तो मलायन ब्रुअरीजकडे जाईल. जर्मन मालकी जाईल, अँकर राहील. पुढे त्याच भागातल्या एका हॉकर सेंटरचं नाव पडेल 'एबीसी ब्रिकवर्क्स'. त्यातलं एबीसी म्हणजे आर्किपेलागो ब्रुअरी कंपनी.

शेवटचा थांबा २०१५, जुरोंग ईस्ट. खारफुटी गेली, १९६०च्या दशकात टेकड्या सपाट करून, दलदल भरून कारखाने आले, १९८८ मध्ये मेट्रो स्टेशन. स्टेशनलगतच्या वेस्टगेट मॉलमध्ये 'ब्रोटझाइट' नावाचं जर्मन हॉटेल आहे. तिथे मिळते म्युनिकची पाउलानेर. त्या कारखान्याने १८८१ मध्येच लिंडेचं यंत्र बसवलं होतं. जवळच्या जेक्यूब मॉलमध्ये ऑलिम्पिक मापाचं बर्फाचं मैदान. पोरं हातमोजे घालून घसरताहेत. सायन्स सेंटरशेजारच्या स्नो सिटीत तापमान उणे पाच. बिअरवाल्यांच्या गरजेपोटी वाढलेली थंडी इथे घटकाभराच्या गमतीसाठी तिकिटावर मिळते.

आता अशा एखाद्या इमारतीच्या मागच्या बाजूला जा, जिथे पंखे घरघरतात. तोंडावर गरम झोत येतो. लिंडेच्या यंत्राने थंडी कधीच निर्माण केली नाही. ते उष्णता उचलून दुसरीकडे टाकतं. वीसबाडेनच्या तळघरातली उष्णता हिवाळ्यात साठवलेला बर्फ गिळत असे. जुरोंगला हिवाळा नाही, म्हणून आतल्या प्रत्येक गार घोटाची उष्णता फुटपाथवरून चालणाऱ्याच्या वाट्याला येते. त्याच्या हातात बिअर असो वा नसो.