हळदीच्या मांडवातली अरबी कॅसेट

१९९७ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. रेवदंड्याजवळच्या आमच्या गावी पुतणीची हळद होती. बँडवाले जेवायला बसले तशी पोरांनी टेपरेकॉर्डर लावला. शेजारच्या कोकणी मुसलमान कुटुंबातला मुलगा आखातातून सुट्टीवर आला होता, कॅसेट त्याने आणलेली. इजिप्तच्या अम्र दियाबचं 'नूर अल-ऐन' सुरू झालं आणि शब्द एकालाही कळत नसताना सारा मांडव नाचू लागला. तेवढ्यात आमचे मोठे काका उठले. "हे आपलं नव्हे. बंद करा," म्हणाले. कॅसेट थांबली. त्या मुलाने ती खिशात टाकली आणि मान खाली घालून तो निघून गेला. काका वडीलधारे, त्यांना कोण बोलणार? मीही गप्प राहिलो. पण 'आपलं नव्हे' हे शब्द मनात राहिले. त्यांचा माग काढता काढता आपल्याच किनाऱ्याचा इतिहास वाचत गेलो.

आधी त्या गाण्याविषयी. 'नूर अल-ऐन' १९९६ सालचं. त्यात स्पॅनिश धाटणीची गिटार आहे, अकॉर्डियन आहे आणि सोबतीला दरबुका. दरबुका म्हणजे सुरईच्या आकाराचं, मांडीवर आडवं धरून बोटांनी वाजवायचं तालवाद्य. अरबी नाचगाण्यांत नेहमी ऐकू येणारा 'मकसूम' ठेका दुम-तक-तक-दुम-तक असा आठाच्या हिशेबात बसतो. आपला केरवाही आठ मात्रांचाच. मग पाय अडखळतील कसे?

अम्र दियाब सुएझ कालव्याच्या तोंडावरल्या पोर्ट सैदचा. त्याच्या आधी, १९९२ साली 'दीदी' गाजवणारा खालेद अल्जीरियातल्या ओरान बंदराचा. आमच्या मुलांना वाटे, हा ताईला हाक मारतोय! खालेदचं संगीत 'राई' या नावाने ओळखलं जातं. खेड्यातलं अरबी गाणं ओरानला आलं, तिथे त्याला स्पॅनिश आणि फ्रेंच सूर भेटले, पुढे सिंथेसायझर आला. बंदरात माणसं मिसळतात, तशी गाणीही मिसळतात.

आमचं चौलही बंदरच. अरब त्याला 'सैमूर' म्हणत. इ.स. ९१६च्या सुमारास बगदादचा प्रवासी अल्-मसूदी इथे आला, तेव्हा उत्तर कोकणात शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान चौलात राहतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमत असे आणि त्यांचे तंटे तो प्रमुख सोडवी.

हजार वर्षांच्या या ये-जा करण्याच्या खुणा आपल्या जिभेवर आहेत. 'जंजिरा' हा अरबी 'जझीरा' म्हणजे बेट. 'मौसम' अरबी, 'खलाशी' अरबी. रायगडावरच्या नगारखान्यातला नगारा, पोवाडा गाणारा शाहीर आणि त्याच्या हातातला डफ ही तिन्ही नावं मूळ अरबीच. शब्द बाहेरून आला म्हणून पोवाडा परका ठरत नाही. तो अस्सल मराठीच आहे. आलेलं घेऊन आपलं करण्याची ही जुनी रीत आहे, इतकंच.

समुद्राने नुसती गाणीच आणली असं नाही. आफ्रिकेतली माणसं गुलाम म्हणूनही या किनाऱ्यावर उतरवली गेली. जंजिऱ्याच्या सिद्दीशी मराठ्यांची झुंज पिढ्यान्‌पिढ्या चालली. पण भांडणं झाली म्हणून कुणी डफ खाली ठेवला नाही.

'हे आपलं नव्हे' असं तिकडेही म्हटलं गेलं. राईला पाप मानणाऱ्या अतिरेक्यांच्या काळात, १९९४ साली, शेब हसनी या लोकप्रिय गायकाला ओरानमध्येच गोळ्या घालून मारलं. पुढे २०२२ साली युनेस्कोने त्याच राईला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिलं. आमच्या मांडवात तसं काही घडलं नव्हतं, फक्त एक बटण दाबलं गेलं होतं. पण ते दाबताना समोर कोण उभं आहे, हे आम्ही कुणी पाहिलं नाही.

काका आता नाहीत. त्या मुलाच्या दाढीत पांढरे केस आलेत. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो, तेव्हा त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "त्या रात्री मी बोलायला हवं होतं." तो म्हणाला, "जाऊ द्या काका, कॅसेट तर कधीच खराब झाली." मग त्याने मोबाइल काढला आणि तेच गाणं लावलं. या वेळी ते शेवटपर्यंत वाजलं.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)