मिथेनॉल : धोके व प्रयोगशाळेतील हाताळणी

मिथेनॉल (मेथिल अल्कोहोल, काष्ठ-अल्कोहोल) : सर्वांत साध्या घडणीचे अल्कोहोल. रेणूत एक कार्बन, चार हायड्रोजन व एक ऑक्सिजन. रेणुभार ३२.०४, उकळबिंदू ६४.७° से., गोठणबिंदू −९७.६° से., २०° से. तापमानाला घनता ०.७९२. रंगहीन, पातळ, सौम्य वासाचा द्रव. पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेपासून औषध कंपनीच्या विश्लेषण विभागापर्यंत तो सर्रास वापरला जातो. तो ज्वलनशील आहे आणि विषारीही आहे, पण दोन्ही बाबतींत त्याची खोड एकच : तो आगाऊ इशारा देत नाही. त्याची ज्योत उजेडात दिसत नाही, वासावरून हवेतले प्रमाण कळत नाही आणि पोटात गेल्यावर पहिले काही तास माणूस फक्त प्यायलेला वाटतो. म्हणून मिथेनॉलच्या बाबतीत डोळे, नाक आणि अंदाज यांवर विसंबता येत नाही. लेबल, कुलूप आणि शिस्त यांवरच भिस्त ठेवावी लागते.

मुंबईच्या उपनगरांना या रसायनाची ओळख दोन अगदी वेगळ्या वाटांनी झाली आहे. पवईच्या आयआयटीपासून विद्याविहार, घाटकोपर, मुलुंड, अंधेरीच्या महाविद्यालयांपर्यंत आणि मरोळच्या एमआयडीसीपासून भांडुप-मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत ते बाटलीत, लेबलखाली, नोंदवहीत असते. विक्रोळीत २००४ च्या अखेरीस आणि मालाडच्या मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये ते लेबलाशिवाय, गावठी दारूच्या रूपाने पोहोचले.

इतिहास व उत्पादन : लाकडाच्या कोरड्या ऊर्ध्वपातनातून हा द्रव रॉबर्ट बॉइल यांनी १६६१ मध्ये वेगळा केला, त्याची रासायनिक घडण द्यूमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३४ मध्ये निश्चित केली. १९२३ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांपासून उच्च दाबाखाली त्याचे कारखानी उत्पादन सुरू केले आणि लाकडाची गरज संपली. आज ते मुख्यतः नैसर्गिक वायू व कोळशापासून होते. ट्रॉम्बे येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या संकुलात मिथेनॉलचा कारखाना उभारला गेला होता; तरीही भारताची बहुतांश गरज आयातीवर भागते. फॉर्माल्डिहाइड, ॲसिटिक आम्ल, बायोडिझेल, रंग-वार्निश ही त्याची मोठी गिऱ्हाइके. प्रयोगशाळेत ते विद्रावक म्हणून, वनस्पतींचे अर्क काढण्यासाठी आणि विशेषतः एचपीएलसी या विश्लेषण पद्धतीत वापरतात.

आगीचा धोका : द्रवावरची वाफ ठिणगीने पेटू शकेल असे किमान तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. मिथेनॉलचा फ्लॅश पॉइंट सुमारे ११° से. आहे. सांताक्रूझ वेधशाळेत नोंदले गेलेले नीचांकी तापमान ७.४° से., तेही २२ जानेवारी १९६२ रोजी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला थंडीची पहाट थोडी जास्त बोचरी असते, पण तिथेही पारा ११ च्या खाली जाणे दुर्मीळच. म्हणजे उपनगरांत उघडी ठेवलेली मिथेनॉलची बाटली वर्षभर, रात्रंदिवस पेट घेण्याच्या अवस्थेत असते. बाटल्यांवरच्या सुरक्षापत्रकांत ‘थंड जागी ठेवा’ असे छापलेले असते. मुंबईत वातानुकूलन लावूनही ही ‘थंड जागा’ ११ अंशांपर्यंत उतरत नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

याहून महत्त्वाची आणि कमी सांगितली जाणारी गोष्ट अर्धवट रिकाम्या डब्याची आहे. हवेत मिथेनॉलची वाफ आकारमानाने साधारण ६ ते ३६ टक्के असेल तेव्हा मिश्रण पेटू शकते. हा पट्टा फार रुंद आहे. बंद डब्यात द्रवावरच्या जागेत वाफेचे प्रमाण १५° से. ला सुमारे १० टक्के, ३०° ला सुमारे २२ टक्के आणि ३५° ला सुमारे २७ टक्के असते. जानेवारी असो वा मे, उपनगरातले कोणतेही तापमान घ्या, आकडा या पट्ट्याच्या आतच पडतो. पेट्रोलचे तसे नाही. पेट्रोल इतके बाष्पनशील असते की बंद टाकीतली वाफ पेटायला लागणाऱ्या हवेच्या मानाने फारच दाट होते, त्यामुळे टाकीच्या आत ज्योत सहसा शिरत नाही. मिथेनॉलच्या डब्यात ती शिरते. तोंडाशी ज्योत पोहोचली की आतले मिश्रण भडकते, दाबाने उरलेला द्रव पेटत्या पिचकारीसारखा समोर फेकला जातो आणि समोर उभा असलेला माणूस काही मीटर अंतरावरही सापडतो.

अमेरिकेत २०१४ मध्ये असे तीन अपघात नऊ महिन्यांच्या आत घडले. जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका शाळेत, सप्टेंबरमध्ये रेनो येथील विज्ञान संग्रहालयात व डेन्व्हरच्या एका शाळेत. तिन्हीकडे प्रात्यक्षिक चालू असताना मोठ्या बाटलीतून मिथेनॉल ओतले गेले आणि मुले भाजली. क्षारांच्या रंगीत ज्योती दाखवणारा ‘इंद्रधनुष्य’ प्रयोग त्यांत कुप्रसिद्ध झाला : बशीतली ज्योत विझली असे समजून शिक्षक पुन्हा द्रव ओततात आणि न दिसणारी ज्योत बाटलीत चढते. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने त्याच वर्षी मोठ्या बाटलीतून थेट ओतण्याविरुद्ध इशारा दिला. आपल्याकडे अकरावी-बारावीच्या ज्योत परीक्षेत तार आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. ही जुनी पद्धत कंटाळवाणी वाटली तरी चांगली आहे. विज्ञान प्रदर्शनात टाळ्या मिळाव्यात म्हणून तिच्या जागी मिथेनॉलच्या बशा मांडू नयेत.

मिथेनॉलची ज्योत फिकट निळी असते. जळताना काजळी धरत नाही म्हणून पिवळा उजेड पडत नाही. इंडियानापोलिसच्या १९८१ च्या मोटारशर्यतीत इंधन भरताना रिक मियर्स या चालकाच्या अंगावर मिथेनॉल उडून पेटले, तेव्हा जवळ उभ्या असलेल्यांना काही क्षण तो का धडपडतो आहे तेच कळले नव्हते. प्रयोगशाळेतही ट्यूबलाइटच्या उजेडात बाकावर पसरलेली आग हवेच्या थरथरीवरून आणि हाताला लागणाऱ्या धगीवरूनच समजते. पाणी मिसळल्याने ती लगेच निरुपद्रवी होत नाही : एक चतुर्थांश मिथेनॉल आणि बाकी पाणी असे मिश्रणही थोडे तापल्यावर पेटते.

विषबाधा : मिथेनॉल स्वतः नशा आणते, पण खरे विष शरीरात तयार होते. यकृतातले अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर त्याचे फॉर्माल्डिहाइड करते, त्याचे पुढे फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल पेशींची प्राणवायू वापरण्याची यंत्रणा बंद पाडते आणि रक्त आम्लधर्मी करते. डोळ्यांच्या मज्जातंतूला त्याचा पहिला आणि कायमचा फटका बसतो. साधारण १२ ते २४ तास फारसे काही जाणवत नाही. मग डोकेदुखी, उलट्या, पोटदुखी, धाप, डोळ्यांसमोर पांढरे धुके. दारूही सोबत घेतलेली असेल तर हा मधला काळ आणखी लांबतो. दहा मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलने अंधत्व आल्याची उदाहरणे आहेत. तीस मिलिलिटरही जीव घेऊ शकते.

मालवणीच्या लक्ष्मीनगर भागात जून २०१५ मध्ये मिथेनॉल मिसळलेली दारू प्यायल्याने शंभराहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. मृतांत बहुतेक हातावर पोट असलेले मजूर होते. त्याआधी विक्रोळीत ऐंशीहून अधिक बळी गेले होते. या दोन्ही घटनांकडे ‘दारूकांड’ म्हणून पाहण्याची सवय पडली आहे, आणि ते चुकीचे नाही. पण रसायनाच्या बाजूने पाहिले तर ती औद्योगिक विद्रावकाचा माग सुटल्याची प्रकरणे आहेत. दिसायला व मिसळायला इथेनॉलसारखे आणि करांच्या बोज्याविना स्वस्त, म्हणून भेसळ करणाऱ्याला ते सोयीचे पडते. महाराष्ट्रात मिथेनॉलची विक्री व साठा विष अधिनियम १९१९ आणि त्याखालच्या राज्य नियमांच्या कक्षेत येतो; परवाना व खरेदीदाराची नोंद लागते. मालवणी प्रकरणी मुंबईच्या सत्र न्यायालयाने २०२४ मध्ये चौघांना दोषी ठरवले आणि दहा जणांची निर्दोष मुक्तता केली.

प्रयोगशाळेत कोणी मिथेनॉल मुद्दाम पीत नाही. तिथे ते वाफेतून व त्वचेतून जाते. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी हवेतली सरासरी मर्यादा २०० पीपीएम मानली जाते. वास कधी त्याआधी येतो, कधी नाही, आणि थोड्या वेळाने नाकाला सवय होते. हातमोज्यांबाबत गैरसमज फार आहेत. निळे पातळ नायट्राइल मोजे मिथेनॉल काही मिनिटांतच आत सोडतात. ते शिंतोड्यापुरते ठीक, भिजले की लगेच बदलायचे. जास्त वेळ हाताळायचे असेल तर ब्यूटाइल रबराचे मोजे लागतात.

हाताळणी : उपनगरांतल्या अनेक लहान चाचणी-प्रयोगशाळा इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात थाटलेल्या असतात. एसीसाठी खिडक्या बंद, हवा आतल्या आत फिरत राहते आणि एचपीएलसी यंत्राच्या टाकाऊ द्रवाचा कॅन बाकाखाली उघड्या तोंडाने ठेवलेला. नियमपुस्तिकेत फ्यूम हूडचे पान कितीही छान असले तरी सर्वांत जास्त वाफ या कॅनमधून येते. त्याला नळी जाण्यापुरते छिद्र असलेले झाकण बसवावे, खाली ट्रे असावा आणि भरण्याआधीच तो बदलावा. यंत्रावरच्या विद्रावकाच्या बाटल्यांनाही हेच लागू.

ओतण्याचे काम फ्यूम हूडमध्ये करावे. बर्नर, हॉट प्लेट, स्पिरिटचा दिवा यांपैकी काहीही आसपास पेटते असता कामा नये. मोठ्या ड्रममधून काढताना ड्रम व धातूचे भांडे तारेने जोडून जमिनीशी अर्थिंग करावे. मिथेनॉल टोल्यूइन किंवा हेक्झेनसारखे स्थिरविद्युत धरून ठेवत नाही, पण भांडे अलग राहिले तर ठिणगी पडू शकते. गरम करायचे तर पाण्याच्या किंवा वाळूच्या पात्रावर, उघड्या ज्योतीवर कधीही नाही. घरगुती फ्रिजमध्ये त्याची बाटली ठेवू नये : आतला दिवा आणि थर्मोस्टॅट ठिणगी पाडतात. बाकावर त्या दिवसाच्या कामापुरतेच ठेवावे, बाकीचे ज्वलनशील द्रवांच्या लोखंडी कपाटात. नायट्रिक आम्ल, परक्लोरिक आम्ल, क्रोमिक आम्ल, तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ब्लिचिंग पावडर यांच्या शेजारी नको. क्लोरोफॉर्म व अल्कली यांच्या मिश्रणात मिथेनॉल पडले तर जोरदार अभिक्रिया होते, म्हणून टाकाऊ विद्रावकांचे कॅन वेगवेगळे ठेवतात.

दुसऱ्या बाटलीत काढलेल्या मिथेनॉलवर लगेच लेबल लावावे. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही ठेवू नये, ‘फक्त दुपारपर्यंत’ म्हणूनही नाही. सुरक्षेच्या सगळ्या नियमांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम असावा. साठ्याची चावी एका जबाबदार माणसाकडे असावी आणि रिकामे ड्रम भंगारवाल्याला धुतल्याशिवाय देऊ नयेत. तळमजल्यावर साठा असेल तर कपाट जमिनीपासून उंच असावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला तेव्हा मिठी नदीच्या काठची किती दालने पाण्याखाली होती, हे उपनगरांत कोणाला सांगावे लागत नाही.

मोरीत ओतणे गैर आहे : पाण्यात मिसळले म्हणून ते नाहीसे होत नाही, नळांच्या सापळ्यात वाफ साठते. टाकाऊ द्रव धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार अधिकृत संस्थेकडे द्यावा. मुंबई परिसरासाठी असे केंद्र तळोजा येथे आहे.

सांडल्यास व पेटल्यास : थोडे सांडले तर ज्योती विझवून खिडक्या उघडाव्यात, विजेची बटणे चालू-बंद न करता वाळू किंवा शोषक पदार्थ टाकून तो झाकणाच्या डब्यात भरावा. बशीतली आग धातूच्या झाकणाने किंवा ओल्या जाड फडक्याने झाकली की विझते. त्याहून मोठ्या आगीला कार्बन डायऑक्साइड किंवा कोरड्या पावडरचे नळकांडे वापरावे. साधा फेस मिथेनॉलमध्ये विरघळून फुटतो. अल्कोहोलला टिकणारा खास फेसच चालतो. पाण्याचा जोरदार झोत मारला तर पेटता द्रव पसरतो. कपडे पेटले तर पळू नये, जमिनीवर लोळावे किंवा सुरक्षा-शॉवरखाली जावे. आग आवाक्याबाहेर वाटताच दार ओढून घेऊन बाहेर पडावे आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे. ज्योत दिसत नसल्याचे त्यांना आधीच सांगावे.

प्रथमोपचार : डोळ्यांत गेल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे, अंगावर सांडल्यास भिजलेले कपडे काढावेत. वाफेने गरगरल्यास मोकळ्या हवेत न्यावे. गिळल्यास, किंवा गिळल्याची नुसती शंका असल्यास, लक्षणांची वाट पाहू नये आणि घरगुती उपायांनी उलटी काढू नये. इथेनॉल किंवा फोमेपिझोल ही औषधे मिथेनॉलचे विष बनवणाऱ्या यकृतातल्या विकराला अडवून ठेवतात. फोमेपिझोल जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत असले तरी भारतात सगळीकडे सहज मिळत नाही. सोडियम बायकार्बोनेटने रक्तातली आम्लता उतरवतात आणि डायलिसिसने मिथेनॉल व फॉर्मिक आम्ल दोन्ही बाहेर काढतात. दृष्टी धूसर होण्याआधी हे सुरू झाले तर डोळे आणि जीव वाचण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून रुग्णाला डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे आणि बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्यावे.