मागचे मडगार्ड आखूड करताना

मोटारसायकलच्या मागच्या चाकावरील मडगार्डकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गाडीला नवे रूप देण्याची हौस निर्माण झाली, की मात्र पहिली करवत चालते ती त्याच्यावर. लांबलचक पत्रा थोडा आखूड केला, की गाडी हलकी आणि चपळ दिसू लागते. हे काम घरच्या घरी, साध्या हत्यारांनी करता येते. परंतु कापलेला पत्रा पुन्हा जोडता येत नाही आणि मडगार्ड केवळ शोभेसाठी बसवलेले नसते. म्हणूनच करवत उचलण्यापूर्वी चार गोष्टी समजून घेणे हिताचे ठरते.

प्रथेचा उगम

या प्रथेचे मूळ अमेरिकेत आहे. १९३० च्या दशकात तेथे कारखान्यातून बाहेर पडलेल्या साध्या मोटारसायकलींच्या शर्यती लोकप्रिय झाल्या. वजन घटवण्यासाठी स्पर्धक पुढचे मडगार्ड काढून टाकत आणि मागचे आखूड करत. शेपूट कापलेल्या घोड्यासाठी इंग्रजीत जो शब्द वापरला जाई, त्यावरून अशा गाड्यांना 'बॉबर' हे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर ही शैली सर्वसामान्य चालकांमध्येही रुजली. पुढे कंपन्यांनीच तिचा स्वीकार केला. ट्रायम्फची बॉनविल बॉबर, जावाची पेराक आणि रॉयल एनफील्डने नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजारात आणलेली गोव्याच्या नावाची 'गोअन क्लासिक ३५०' ही त्याची ठळक उदाहरणे होत.

मडगार्डचे खरे काम

गाडी पुढे धावत असताना मागच्या चाकाची मागील बाजू खालून वर जात असते. टायरवरील पाणी ज्या बिंदूपाशी सुटते, तेथील स्पर्शरेषेच्या दिशेने ते फेकले जाते. आसाच्या पातळीखाली सुटलेले पाणी मागे व वर उडते आणि मागून येणाऱ्या चालकाच्या अंगावर जाते. आसाच्या पातळीवर सुटलेले सरळ वर उडून दिव्याच्या जोडण्या भिजवते. त्याहून वर सुटलेले पाणी पुढे झुकते आणि मागे बसलेल्या व्यक्तीची पाठ माखते. मडगार्ड जितके वरपर्यंत कापावे, तितके हे फवारे मोकळे होतात. भर पावसाळ्यात मागच्या दुचाकीस्वाराच्या हेल्मेटच्या काचेवर अचानक चिखल उडणे, ही केवळ गैरसोय नव्हे. ते अपघाताचे कारण होऊ शकते.

याची चाचणी सोपी आहे. एक सरळ पट्टी टायरला टेकवून, जेथे कापायचे त्या खुणेला तिची कड लागेल अशी धरावी. पट्टीचे वरचे टोक जिकडे रोखलेले दिसेल, तिकडे चिखल उडणार, असे समजावे. ते आसनाकडे किंवा दिव्याकडे वळत असेल, तर खूण खाली घ्यावी.

लागणारे साहित्य

लोखंड कापण्याची करवत (हॅक्सॉ), इंचाला ३२ दाते असलेली बारीक ब्लेड, चपटी व अर्धगोल कानस, हातड्रिल, दोन-तीन सी क्लॅम्प, मास्किंग टेप, पाने, १२० पासून ४०० क्रमांकापर्यंतचा पॉलिश पेपर, प्रायमर आणि रंग एवढे पुरते. डोळ्यांवर चश्मा आणि हातांत जाड मोजे अनिवार्य समजावेत. ताज्या कापलेल्या पत्र्याची धार वस्तऱ्याहून कमी नसते.

शक्य असल्यास मूळ मडगार्ड जपून ठेवावे आणि जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून त्याच मॉडेलचे दुसरे घेऊन त्यावर प्रयोग करावा. मन बदलले किंवा गाडी विकायची झाली, तर मूळ भाग हाताशी राहतो.

कामाचा क्रम

प्रथम गाडी मधल्या स्टँडवर उभी करून बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवावी. मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबरप्लेट यांच्या जोडण्यांचे छायाचित्र काढून ठेवावे. अनेक गाड्यांत या वायरी मडगार्डच्या आतल्या बाजूने गेलेल्या असतात. त्या न पाहता कापणे महागात पडते. त्यानंतर मडगार्ड पूर्णपणे उतरवावे. गाडीवर असतानाच ते कापण्याचा मोह टाळावा.

कापण्याची रेषा आखण्यासाठी जुन्या वर्तमानपत्राचा साचा उपयोगी पडतो. मडगार्डच्या रुंदीचा कागद मधोमध दुमडून अर्धा आकार कापला, की दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात. मडगार्डच्या मध्यरेषेवर कागदाची घडी बसवावी, आतून-बाहेरून मास्किंग टेप लावावी आणि त्यावर रेषा ओढावी. टेपमुळे रेषा स्पष्ट दिसते आणि रंगाचे पापुद्रेही निघत नाहीत. पहिल्या खेपेस हवे त्यापेक्षा इंचभर कमीच कापावे. आणखी कापणे केव्हाही शक्य असते.

ब्लेडचे दाते पुढच्या दिशेला असावेत. पातळ पत्र्यावर ब्लेड उभे धरले, तर दाते अडकून तुटतात. ते तिरके, पत्र्याशी लहान कोन करून चालवावे, म्हणजे एका वेळी अनेक दाते पत्र्यावर टेकतात. कापायच्या रेषेशेजारी लाकडी फळी क्लॅम्पने आवळावी. त्याने पत्र्याची थरथर थांबते. आतले कोपरे काटकोनात ठेवू नयेत. तेथे आधी छिद्र पाडावे आणि करवतीचा काप त्या छिद्रात संपवावा. तीक्ष्ण कोपऱ्यात ताण एकवटतो आणि गाडीच्या कंपनांनी तेथूनच तडा जातो. प्लॅस्टिकच्या मडगार्डला हा नियम अधिकच लागू आहे.

कापून झाल्यावर कानशीने दोन्ही बाजूंच्या कडा गोलसर कराव्यात. तीक्ष्ण कडेवर रंग टिकत नाही. तो पातळ होतो आणि गंजाची सुरुवात तेथूनच होते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला, तरी त्यावर तांबूस थर धरू शकतो. म्हणून प्रायमरचा पहिला हात त्याच दिवशी द्यावा. एका जाड थरापेक्षा रंगाचे तीन पातळ थर अधिक टिकतात. आतली बाजू विसरू नये. चिखलाचा मारा तिलाच सोसावा लागतो.

मूळ मडगार्डची खालची कड बहुधा वळवलेली असते. ती वळणच पत्र्याला ताठपणा देते. कापताना ती गेली, तर मडगार्ड फडफडू लागते. त्यामुळे आधाराच्या दांड्या ज्या ठिकाणी जोडलेल्या असतात, तो भाग कधीही कापू नये. पुन्हा जोडल्यावर दोन माणसे बसवून टायर वर उचलला गेल्यावर तो कोठे घासत नाही ना, हे तपासावे. दोन-तीन दिवसांनी सर्व नट-बोल्ट पुन्हा आवळावेत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत, यासाठी किमान अर्धे चाक झाकणारे संरक्षक साधन आवश्यक आहे. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात गेल्याने काय घडते, हे वेगळे सांगायला नको. नंबरप्लेट, तिच्यावरील दिवा, ब्रेकचा दिवा आणि लाल परावर्तक हेही जागच्या जागी राहिले पाहिजेत.

तेव्हा रस्त्यावर चालणाऱ्या गाडीबाबत आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. हौस जरूर पुरवावी. परंतु तिची किंमत मागून येणाऱ्याने किंवा मागे बसलेल्या आपल्याच माणसाने मोजावी, असे होऊ नये.