पावाचा गहू आणि पेल्याचा गहू



मागच्या मे महिन्यात माझा भाचा जर्मनीहून सुट्टीवर आला, तेव्हा त्याने सामानात दोन बाटल्या जपून आणल्या होत्या. एक बव्हेरियाची, दुसरी बेल्जियमची. दोन्ही बिअर गव्हाच्या आणि दोन्ही खास उन्हाळ्यात पिण्याच्या. दुपारच्या उकाड्यात आम्ही त्या उघडल्या. रंगाने दोन्ही फिकट, काहीशा गढूळ, वर पांढराशुभ्र फेस. आमच्या वृद्ध मावशीने पहिला पेला नाकाशी नेला आणि विचारले, “यात लवंगा किती घातल्या रे?” दुसऱ्याचा घोट घेऊन ती म्हणाली, “आणि यात धने आहेत.”

मावशीचे दुसरे अनुमान अगदी बरोबर होते. पहिले मात्र चुकले. कारण बव्हेरियाच्या त्या बिअरमध्ये लवंगेचा कणही नसतो. तरीही तिच्या नाकाला दोष देता येणार नाही. या दोन वासांच्या मागे चारपाचशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तोच आज मी आपणांस सांगणार आहे.

२३ एप्रिल १५१६ या दिवशी इंगोलश्टाट नगरात बव्हेरियाचे ड्यूक चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग यांनी एक हुकूम जाहीर केला. बिअर करावी ती जव, हॉप्स नावाच्या वेलीची फुले आणि पाणी एवढ्यांचीच. त्याच हुकमात बिअरचे दरही बांधून दिले होते. गहू त्यातून वगळला गेला, याचे कारण सामान्यतः असे सांगतात की गहू हे पावाचे धान्य. ते भट्टीवाल्या पाववाल्यांसाठी राहावे, मद्य गाळणाऱ्यांनी त्याचा भाव चढवू नये. गरिबाच्या पोटाचा विचार करणारा हा कायदा, असे कोणालाही वाटेल.

परंतु कायदा करणाऱ्यांनीच त्याला वाट ठेवली. गव्हाची बिअर गाळण्याची खास सनद सोळाव्या शतकात डेगेनबर्ग या सरदार घराण्याला मिळाली. १६०२ मध्ये त्या घराण्याचा शेवटचा पुरुष निपुत्रिक मरण पावला आणि तो हक्क ड्यूक पहिला मॅक्सिमिलियन याच्याकडे परत आला. त्याने तो दुसऱ्या कोणास दिला नाही. म्यूनिकमध्ये आणि डॅन्यूबकाठच्या केलहाइम गावी त्याने स्वतःच्या मालकीच्या ‘पांढऱ्या’ भट्ट्या उभारल्या. प्रजेला जो गहू पेल्यासाठी वर्ज्य, तोच राजाच्या खजिन्यात भर घालू लागला. पावाची काळजी, म्हणजे, सनदेच्या दारापाशी येऊन थांबली होती.

आता उन्हाळ्याचा संबंध पाहू. १५५३ मध्ये बव्हेरियात आणखी एक हुकूम निघाला : २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात बिअर गाळावी. नेहमीची तपकिरी बिअर थंडीत, सावकाश आंबते. उन्हाळ्यात ती नासे, आणि भट्टीच्या विस्तवाने आगी लागण्याचे भयही मोठे होते. गव्हाची बिअर मात्र निराळ्या जातीच्या यीस्टने आंबते. हे यीस्ट उबेत जोमाने काम करते आणि फेसाबरोबर वर येते. त्यामुळे उन्हाळ्याची बंदी या बिअरला लागू नव्हती. इतर भट्ट्या थंड पडत, त्या महिन्यांत राजाची पांढरी बिअर ताजी मिळे.

मावशीच्या लवंगेचे उत्तरही याच यीस्टपाशी आहे. आमच्या गोव्यात सान्नां करताना पिठात माडाची सूर घालतात. सूर केवळ पीठ फुगवीत नाही, स्वतःची चवही ठेवून जाते. तसेच येथे घडते. धान्यातील एका आम्लापासून हे यीस्ट लवंगेच्या वासाचे द्रव्य तयार करते आणि जोडीला पिकलेल्या केळ्याचा सुगंध देणारे एस्टर निर्माण करते. म्हणून त्या बाटलीच्या तळाचा गाळ टाकून देत नाहीत; शेवटचा घोट हलवून उंच पेल्यात ओततात.

बेल्जियमची रीत वेगळी. तेथे बव्हेरियाचा हुकूम चालत नव्हता. हूगार्डन गावचे लोक मोड न आणलेला कच्चा गहू जवाच्या माल्टबरोबर वापरीत आणि त्यात धने व कुरासाओ बेटावरील कडू संत्र्याची वाळलेली साल घालीत. ते बेट डचांनी १६३४ मध्ये घेतले होते. त्यांच्या समुद्रव्यापाराची आठवण त्या घोटात आहे. चव हलकी, किंचित आंबूस, संत्र्याच्या सालीसारखी टवटवीत. तिसरी बहीण बर्लिनची. तिच्यात दह्यातल्याप्रमाणे लॅक्टिक आम्ल तयार होते, आणि तो आंबटपणा सौम्य करण्यासाठी पसरट पेल्यात रासबेरीचा तांबडा किंवा सुगंधी रानवनस्पतीचा हिरवा पाक घालतात. ती मी अद्याप चाखलेली नाही.

या चवी आपोआप टिकल्या असे मात्र समजू नये. १८५० मध्ये बव्हेरियातील उन्हाळी बंदी उठली. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे याच्या शीतयंत्राने तर ऋतूचे बंधनच नाहीसे केले. थंड, स्वच्छ, सोनेरी बिअर बारमाही मिळू लागली आणि गढूळ पांढरीला कोणी विचारीना. अशा पडत्या काळात, १८७२ मध्ये, गेओर्ग श्नायडर या म्यूनिकच्या व्यावसायिकाने राजा दुसरा लुडविग याच्याकडून ती गाळण्याचा हक्क मिळविला. राजाला जी नकोशी झाली होती, ती त्याने आपल्या भरवशावर चालविली.

हूगार्डनची कथा तर अधिक हृद्य आहे. एके काळी तीसहून अधिक भट्ट्या असलेल्या त्या गावातली शेवटची भट्टी १९५७ मध्ये बंद पडली. तेथेच पिएर सेलिस नावाचा दूधवाला राहात होता. लहानपणी त्याने त्या भट्टीत हाताखाली काम केले होते. गावातले म्हातारे जुन्या पांढऱ्या बिअरसाठी हळहळत, ते तो ऐके. १९६६ मध्ये त्याने स्वतःची बिअर गाळली; कृती बहुतेक आठवणीतलीच. १९८५ मध्ये भट्टी आगीत जळाली, कारभार मोठ्या कंपनीकडे गेला. सेलिस अमेरिकेत टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे गेला आणि १९९२ मध्ये त्याने तेथे पुन्हा तीच बिअर सुरू केली. २०११ मध्ये तो वारला.

हुकूम करणारे ड्यूक आणि नफा घेणारे राजे इतिहासाच्या पुस्तकांत मोठ्या अक्षरांत आहेत. त्यांनी गव्हाची बिअर प्रथम अडविली, मग आपल्याजवळ ठेवली आणि अखेरीस सोडून दिली. ती आपल्यापर्यंत पोहोचली ती एका व्यावसायिकाच्या चिकाटीने आणि एका दूधवाल्याच्या स्मरणाने.

हे सारे मी मावशीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले, पेल्यात राहिलेला गाळ बोटाने चाखला आणि म्हणाली, “लवंग नाही म्हणतोस? बरे. पण धने ओळखले की नाही मी?”