शिशाचा घोडेस्वार

२००४ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, मी जुनी उर्दू मासिकं शोधत होतो. मासिकं मिळाली नाहीत. पण एका दुकानात ग्रामोफोनच्या भोंग्याशेजारी शिशाचा एक छोटा घोडेस्वार दिसला. डोक्याला फेटा, हातात भाला. मान मोडलेली, कुणीतरी आत काडेपेटीतली काडी खुपसून ती पुन्हा बसवलेली. शेजारी लाल कागद चिकटवलेल्या खोक्याचं नुसतं झाकण. त्यावर इंग्रजीत छापलेलं : फर्स्ट बॉम्बे लान्सर्स.

मी किंमत विचारली. दुकानदार म्हणाला, "भाईजान, सवार के बारा सौ, ढक्कन के तीन हजार." मला वाटलं, त्याने आकडे उलटे सांगितले. तो हसला. "खिलौना तो लोग सँभालते हैं. डिब्बा कौन सँभालता है?"

संग्राहकांच्या बाजाराचा सगळा हिशेब त्या एका वाक्यात आला. हे सैनिक करणाऱ्या कंपनीचं नाव डब्ल्यू. ब्रिटन, मुक्काम उत्तर लंडनमधला हॉर्न्सी राइज. तोवर खेळण्यातले सैनिक म्हणजे जर्मनीचा माल. न्यूरेंबर्गचे चपटे आणि ड्रेस्डेनचे भरीव. भरीव सैनिकाला शिसं जास्त लागे, म्हणून तो महाग. १८९३ साली धाकट्या विल्यम ब्रिटनने एक युक्ती काढली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा आणि साच्याला लागलेला थर गोठला की आतला पातळ रस लगेच उलटा ओतून टाकायचा. उरते ती पोकळ मूर्ती. शिसं वाचलं, वजन घटलं, किंमत उतरली. आठ पायदळी किंवा पाच घोडेस्वारांचं खोकं एका शिलिंगला मिळू लागलं. पायदळी सैनिकाची उंची ५४ मिलिमीटर. हेच माप पुढे संग्राहकांच्या जगात प्रमाण ठरलं. रंगवायचं काम बहुतेक बायका आणि मुली करत.

या खोक्यांतून अख्खं साम्राज्य विकायला निघालं. राणीचे गार्ड, स्कॉटिश हायलंडर, आणि एकोणिसावं शतक संपायच्या आत आमचेही लोक : बंगालचे घोडेस्वार, मद्रासचं पायदळ, बॉम्बे लान्सर्स, बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री. लंडनमधल्या मुलाला हिंदुस्थान कळायचा तो आधी असा, एका शिलिंगात पाच स्वार. चेहरे एका साच्यातले. फरक काय तो रंगाचा आणि फेट्याचा.

खेळ खेळच राहतो असं नाही. विन्स्टन चर्चिल यांच्याकडे लहानपणी सुमारे दीड हजार सैनिक होते. ते ब्रिटनच्या आधीच्या काळातले. वडिलांनी एकदा त्या मांडलेल्या फौजेची पाहणी केली आणि विचारलं, सैन्यात जायचंय का? पोरगा हो म्हणाला. आयुष्याची दिशा तिथे ठरली, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. याच्या उलट एच. जी. वेल्स. १९१३ साली त्यांनी 'लिटल वॉर्स' हे पुस्तक काढलं. लाकडी ठोकळ्यांची घरं, स्प्रिंगच्या तोफा, जमिनीवर मांडलेलं युद्ध आणि त्याचे नियम. त्यांचं म्हणणं असं की, हे छोटं युद्ध खेळा म्हणजे खरं युद्ध केवढा मोठा मूर्खपणा आहे ते कळेल. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. जमिनीवर सैनिक मांडत मोठी झालेली मुलं खंदकात उतरली. त्यांच्याबरोबर आपल्याकडची माणसंही उतरली.

१९६६च्या सुमारास ब्रिटनने पोकळ शिशाचे सैनिक करणं थांबवलं. शिसं मुलांना घातक, आणि प्लास्टिक स्वस्त. खेळणं संपलं आणि संग्रह सुरू झाला. लंडनला लिलाव होऊ लागले. अमेरिकन प्रकाशक माल्कम फोर्ब्स यांनी तर मोरोक्कोत टँजियरच्या वाड्यात अशा सैनिकांचं संग्रहालयच उभारलं. ते १९९० साली वारले, पुढे त्या फौजेचाही लिलाव झाला.

या बाजाराचे कायदे न्यारे. मूळ रंग उडालेला चालतो, नव्याने रंगवलेला चालत नाही. खोक्यात सैनिक बांधून ठेवायचा दोरा शाबूत असेल तर भाव चढतो. मुलांनी ज्यांना मनसोक्त खेळवलं ते स्वस्त. जे कुणाच्या हातीच लागले नाहीत ते महाग. म्हणजे खेळण्याचं खेळणं म्हणून जेवढं सार्थक, तेवढी त्याची किंमत कमी.

खिशात पंधराशे रुपये होते. मी स्वार घेतला. झाकण पुढच्या आठवड्यात नेईन म्हटलं. गेलो तेव्हा ते विकलं गेलं होतं, कुणा परदेशी गिऱ्हाइकाला.

घरी येऊन मी त्या नावाच्या मागे लागलो. ही पलटण १८१७ची, मुंबई इलाख्याचं पहिलं घोडदळ. १९०३ साली किचनेरच्या फेरबदलात तिचा क्रमांक एकतिसावा झाला आणि नावातली मुंबई गेली. १९२३ साली दुसऱ्या पलटणीत मिसळून ती तेरावी लान्सर्स झाली. १९४७ साली फौजेची वाटणी झाली तेव्हा पूना हॉर्स भारताकडे आली आणि ही पाकिस्तानकडे गेली. टेबलखुर्च्यांचीही वाटणी झाली होती, तिथे पलटणी कशा सुटणार?

आमच्या घरात सांगतात, माझे पणजोबा मुंबई इलाख्याच्या पायदळात शिपाई होते. रत्नागिरीकडून असे पुष्कळ गेले. दादीला त्यांच्या पेन्शनची तारीख पाठ होती, पलटणीचं नाव मात्र आठवत नव्हतं. फोटो नाही, कागद नाही. म्हणून त्या झाकणाची हळहळ मला अजून वाटते. नाव लिहिलेलं झाकण परदेशी गेलं, पलटण सरहद्दीपलीकडे गेली, आणि बिननावाचा स्वार माझ्या टेबलावर राहिला.

काही वर्षांनी एक संग्राहक घरी आले. त्यांनी भिंगातून मान पाहिली आणि म्हणाले, "काडी काढून नीट जोडून घ्या. नाहीतर मलाच द्या, चांगले पैसे देतो." मी नको म्हटलं. काडीही काढली नाही. कुठल्या तरी मुलाने, बहुधा रडत रडत, आपला सैनिक वाचवला होता. त्याची ती दुरुस्ती मोडायचा मला काय अधिकार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)